विकतच्या भाजीतली हिंसा कोणाच्या खात्यावर?



मृग तोंडावर आला की आपल्या श्राविका मंडळांत दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. एकीकडे तरुण मुली फोनवरच्या याद्या एकमेकींना पाठवत असतात: गच्चीत लावा या दहा औषधी वनस्पती, बाल्कनीत पिकवा वर्षभराची भाजी. दुसरीकडे मोठ्या बायका मान हलवतात. त्यांचं म्हणणं, जैनाच्या घरी कसली आली बाग? माती उकरायची, पाणी ओतायचं, किडे मारायचे, आणि हे सगळं कशासाठी, तर मूठभर कोथिंबिरीसाठी. त्यापेक्षा मंडईतून आणावं, धुवावं, निवडावं, चिरावं. नसता आरंभ कशाला ओढवून घ्यायचा?

मला दोन्हींबद्दल काही सांगायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्यासारख्या गृहस्थ श्राविकांनी घरी थोडं तरी पिकवावं. पण ते फोनवरच्या यादीप्रमाणे नाही, तर आपल्या नियमांप्रमाणे. आणि विकतची भाजी आणली म्हणजे आपण हिंसेतून सुटलो, हा समज सोडून द्यावा.

मोठ्या बायकांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पृथ्वीकाय, जलकाय, वनस्पतीकाय हे आपण पाठशाळेत शिकलो ते परीक्षेपुरतं नव्हे. कुंडीतली माती हलवली की एकेंद्रिय जीवांना तर इजा होतेच, शिवाय गांडुळं, मुंग्या, गोगलगायी असे त्रस जीवही हाताखाली येतात. श्वेतांबर परंपरेत श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांमध्ये जमीन फोडण्याचा धंदा मोजला आहे. आपल्या अकरा प्रतिमांमध्ये आठवी आरंभत्यागाची आहे, आणि ज्यांनी ती घेतली त्यांनी कुंडीला हात लावू नये हे उघड आहे. अशा कुणी मला विचारलं तर मी त्यांना बाग करा असं कधीच म्हणणार नाही.

पण आपण बहुतेकजणी तिथे पोहोचलेल्या नाही. आपण रोज चूल पेटवतो, पाणी तापवतो, भाजी चिरतो. आपला प्रश्न आरंभ करायचा की नाही हा नसून, जो आरंभ आपल्या ताटापर्यंत येतोच आहे तो कमी कसा होईल हा आहे. आणि इथे आपल्याच शास्त्रातली एक गोष्ट आपण सोयीने विसरतो.

पाप तीन प्रकारे लागतं, असं आपण लहानपणापासून म्हणत आलो आहोत: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेलं. मन, वचन आणि काया यांनी. आता मंडईतली कोथिंबिरीची जुडी या मापाने मोजून पाहा. ती उगवायला कुणीतरी जमीन नांगरली आहे. तिच्यावर कुणीतरी कीटकनाशक मारलं आहे. ती मुळासकट उपटली आहे, कुठल्या पाण्यात बुचकळली आहे ते आपल्याला ठाऊक नाही, आणि रात्रभर टेम्पोत दबून ती आपल्यापर्यंत आली आहे. आपण यातलं काहीच केलं नाही हे खरं. पण दहा-वीस रुपये पुढे करताना आपण काय म्हणतो? उद्याही असंच पिकव, मी घेईन. याला कारित म्हणायचं की अनुमोदित, ते जाणत्यांनी सांगावं. पण खातं कोरं आहे असं मात्र म्हणता येत नाही.

कीटकनाशकाने फक्त किडेच मरतात असंही नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते पीक कापसाचं होतं हे कबूल. पण पाठीवरचा पंप आणि तोंडाला बांधलेला फडका भाजीच्या मळ्यातही तोच असतो. वांगी, फ्लॉवर, कोबी यांवर तर पुन्हा पुन्हा फवारे बसतात. फ्लॉवरमध्ये अळ्या असतात म्हणून आपल्यातल्या कितीतरी घरांत तो येत नाही. ज्या फ्लॉवरमध्ये अळी सापडत नाही त्यातल्या अळ्यांचं काय झालं, हा प्रश्न मात्र आपण विचारत नाही.

माझं माहेर शेतकऱ्याचं. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको, कारण आपल्याकडचा जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेतीवर जगला आहे. भगवान आदिनाथांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं शिकवली असं आपण मानतो. त्यात कृषी आहे. माझे वडील पर्वाच्या दिवसांत औत जुंपत नसत. नांगरटीत जीव जातात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, ते रोज डोळ्यांनी बघत होते. म्हणूनच कुठे हात आवरायचा हेही त्यांना कळत होतं. शहरात आल्यावर आपण शेती सोडली आणि त्याबरोबर ते बघणंही सोडलं. हिंसा होती तिथेच राहिली, फक्त आपल्या नजरेआड झाली.

आणखी एक गोष्ट. महाराजांच्या किंवा माताजींच्या आहारासाठी चौका लावायचा असतो तेव्हा आपण किती जपतो! विहिरीचं पाणी आणतो, ते गाळतो, पीठ घरी दळतो, मर्यादा मोजतो, सोवळ्याने स्वयंपाक करतो. आणि भाजी? ती आदल्या दिवशी मंडईतून आलेली असते. ती कोणत्या पाण्यावर वाढली, तिच्यावर शेवटचा फवारा कधी बसला, हे आपल्याला माहीत नसतं. बाकी सगळ्याची शुद्धी आपल्या हातात आणि भाजीची भाजीवाल्याच्या, हे मला खटकतं. घरच्या वेलावरचे चार दोडके त्या दिवशी चौक्यात असले तर निदान त्यांच्याबद्दल आपण खात्रीने सांगू शकतो.

आता दुसऱ्या बाजूच्या मुलींकडे वळते. तुमचा उत्साह मला आवडतो, पण तुमच्या याद्या आपल्यासाठी लिहिलेल्या नाहीत. घरच्या औषधी बागेची कुठलीही यादी उघडा, पहिल्या पाचांत कोरफड आणि गुळवेल असणारच, पाठोपाठ शतावरी. या तिन्ही श्वेतांबर परंपरेतल्या बत्तीस अनंतकायांच्या यादीत आहेत. त्याच यादीत ओली हळद आणि आलं आहे, लसूण आहे, आणि पुष्कळजणींना आश्चर्य वाटेल, पण पालकही आहे. फोन सांगतो, स्वयंपाकघरातल्या आल्याचा तुकडा कुंडीत खोचा, लसणाची पाकळी लावून पात खुडा. ज्या घरात आलं-लसूण वर्ज्य आहे त्या घरात हे काय कामाचं? अंजिराचं कलम सध्या गच्चीवर फार मिरवतं आहे. आपल्या अष्टमूलगुणांत पंच उदुंबर फळांचा त्याग सांगितला आहे आणि अंजीर त्याच कुळातलं. त्या फळांच्या पोटात जीव असतात हे आपल्या पूर्वजांनी पाहिलं होतं.

दिगंबर-श्वेतांबरांत, आणि एकाच आम्नायात घराघरांतही, थोडेथोडे फरक आहेत. म्हणून हे लावा आणि ते लावू नका असा हुकूम मी काढत नाही. तुमच्या घरचा नियम काय आहे तो आधी विचारून घ्या आणि मग रोपवाटिकेत जा. उलटं केलं तर झाड घरी येतं आणि मग त्यासाठी नियमाला पळवाट शोधावी लागते.

गुळवेलीबद्दल जाता जाता एक सांगते. करोनाच्या काळात घरोघरी तिचे काढे सुरू झाले. २०२१ मध्ये मुंबईतल्या काही डॉक्टरांनी असे काढे घेतलेल्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद कुणाचा खरा ते तज्ज्ञ बघतील. आपण एवढंच लक्षात ठेवावं की कुंडीत उगवलं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. औषध म्हणून काही रोज घ्यायचं असेल तर वैद्यांना विचारून घ्यावं. घरच्या बागेकडून स्वयंपाकाला हातभार मागावा, दवाखान्याचं काम नको.

मग लावायचं काय? निवड करताना मला आपली लेश्यावृक्षाची गोष्ट उपयोगी पडते. मंदिरात हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जांभळाचं एकच झाड आणि सहा भुकेली माणसं. एकाला झाड मुळापासून तोडायचं आहे, दुसऱ्याला मोठी फांदी, तिसऱ्याला डहाळी, चौथ्याला घोस, पाचव्याला फक्त पिकलेली फळं. सहावा खाली पडलेली वेचून खातो. बाग लावताना हाच क्रम धरावा. जे झाड न उपटता, न मरता देत राहतं ते आधी लावावं. ज्याला उपटल्याशिवाय खाता येत नाही ते लावूच नये.

या मापाने पहिला मान कढीपत्त्याचा. एकदा रुजला की वर्षानुवर्षं देतो. पानं ओरबाडू नयेत. जून झालेली काडी देठापासून खुडावी, म्हणजे तिथून नवे फुटवे येतात. थंडीत तो थबकतो, पानं पिवळी पडतात, तेव्हा घाबरून खत-पाणी वाढवू नये. फाल्गुनात पुन्हा पालवतो. दुसरं लिंबू. बी लावलं तर फळ यायला बरीच वर्षं थांबावं लागतं, म्हणून कलम आणावं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली साई सरबती ही जात आपल्याकडे चांगली चालते. मोठी कुंडी किंवा अर्धा पिंप आणि दिवसाचं पाच-सहा तास ऊन एवढं मिळालं की ते खूश असतं. पिवळं होऊन आपोआप गळून पडलेलं लिंबू उचलताना मला दरवेळी त्या चित्रातला सहावा माणूस आठवतो.

जमीन असेल त्यांनी शेवगा लावावा. दापोलीची कोकण रुचिरा किंवा तमिळनाडूतून आलेली पीकेएम-१ या जाती लवकर शेंगा धरतात. एक झाड शेजारपाजाऱ्यांनाही पुरून उरतं. गवती चहाचं ठोंब कोपऱ्यात राहू द्यावं, बाहेरची पानं कात्रीने कापावीत. अडुळसा कुंपणाला लावावा. तो इतका कडू की शेळीसुद्धा तोंड लावत नाही आणि कीडही फारशी फिरकत नाही, म्हणजे आपल्यालाही कुणाच्या वाटेला जावं लागत नाही. मिरचीची दोन रोपं घरापुरती पुष्कळ होतात. पुदिना पसरट कुंडीत वेगळा ठेवावा, नाहीतर तो दुसऱ्यांच्या जागेवर चढाई करतो. तुळस घरात असतेच.

कोथिंबीर, मेथी, चाकवत यांचं काय? मंडईतली जुडी मुळासकट येते. घरी मात्र जमिनीपासून दोन बोटं वर कात्रीने कापता येतं, आणि कोथिंबीर तेवढ्यावर आणखी एक-दोन वेळा फुटते. त्याच पेराची भाजी कमी जीव घेऊन ताटात आली, एवढा फरक कात्रीने पडतो.

आता वर्षाचं गणित. बाग करायची आणि चातुर्मासही पाळायचा हे कसं जमणार, असं मला नेहमी विचारलं जातं. माझा अनुभव असा की दोन्हींची दिनदर्शिका जवळजवळ एकच आहे. आषाढ ते कार्तिक आपल्यातल्या बऱ्याचजणी पालेभाजी सोडतात, कारण ओलाव्यात पानांवर बारीक जीव फार असतात. आणि याच दिवसांत पालेभाज्या नीट येतही नाहीत. मेथी पावसाने झोडपते, कोथिंबीर सडते. हा काळ वेलांचा आणि शेंगांचा. ज्येष्ठात पहिल्या सरीच्या सुमारास दोडका, पडवळ, कारलं, भेंडी, गवार टोकली की दीड-दोन महिन्यांत, म्हणजे श्रावणात, फळं हाताशी येतात. भाद्रपदात पर्युषणात घरी काय खायचं याची चिंता निम्मी होते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं वर्ज्य असलं तर त्या दिवशी वेलालाही सुट्टी. कार्तिकी पौर्णिमा झाली, थंडी पडली की मेथी, चाकवत, कोथिंबीर पेरावी. त्यांना हवा असलेला गारवा तेव्हाच येतो. नियम सुटायला आणि भाजीचा हंगाम लागायला एकच गाठ पडते.

माती हलवायची वेळही अशीच ठरवता येते. कुंडी बदलणं, माती मोकळी करणं, खत मिसळणं हे सगळं फाल्गुन-चैत्रात, माती कोरडी असताना उरकावं. पावसाळ्यात मातीत सर्वांत जास्त वावर असतो. तेव्हा खुरपं फडताळात राहू द्यावं. साधूसुद्धा चार महिने विहार थांबवतात, आपण निदान खुरपं थांबवावं.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न: किडींचा. इथे मी तरुण मैत्रिणींना एक गोष्ट स्पष्ट सांगणार आहे. सेंद्रिय म्हणजे अहिंसक नव्हे. दशपर्णी अर्क, कडुनिंबाचं तेल, मिरची-लसणाचं पाणी, पिवळे चिकट सापळे, हे सगळं आपल्याला विषारी नाही म्हणून सात्त्विक वाटतं. पण अळीच्या बाजूने पाहिलं तर हेतू तोच आहे. कडुनिंबाने अळीचं खाणं थांबतं, तिची कात नीट पडत नाही आणि ती मरते. कुंडीतली माती हलवताना चुकून जीव जाणं ही आरंभी हिंसा. मारायचं ठरवून फवारा उचलणं ही संकल्पी हिंसा, आणि संकल्पी हिंसेचा त्याग तर साध्या श्रावकालाही सांगितला आहे. बाटलीवर सेंद्रिय लिहिलं आहे म्हणून संकल्प बदलत नाही. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्याच प्रमादाशी जोडली आहे. तेव्हा आपलं सगळं लक्ष फवाऱ्याची वेळच येऊ नये याकडे असायला हवं.

ती वेळ येऊ न देण्याचे मार्ग साधे आहेत. झाडाला भरमसाट खत घातलं की लुसलुशीत पालवी येते आणि तिच्यावर मावा बसतो. म्हणून खत बेताचं. कच्चं शेणखत आणलं तर त्यातून हुमणीच्या अळ्या येतात. म्हणून पूर्ण कुजलेलं, कोरडं, भुगा झालेलं शेणखतच घ्यावं. कुंड्या दाटीने ठेवू नयेत, वारा खेळता ठेवावा. कोवळ्या रोपांवर जुन्या मलमलच्या साडीचं आच्छादन घातलं की फुलपाखरू अंडी घालायला दुसरी जागा शोधतं. गोगलगायी रात्री निघतात, म्हणून पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घालावं आणि कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात. तरीही आल्या तर ओलं गोणपाट शेजारी पसरावं. सकाळी त्या त्याखाली गोळा झालेल्या असतात, गोणपाटासकट उचलून झाडीत सोडाव्यात. चुना किंवा मीठ टाकायला सांगणाऱ्यांचं ऐकू नये.

कुंडीखालच्या ताटल्या काढून टाका. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. मग घरात आजारपण येतं, सोसायटीत धूर सोडला जातो आणि एका ताटलीमुळे किती जीव जातात ते मोजता येत नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झाडाला घालायला उत्तम, पण त्याच दिवशी. ओल्या कचऱ्याचं खत घरी करायचा आग्रह हल्ली फार होतो. आपल्या गावी तशी सक्ती असेल तर करावं. नाहीतर बंद डब्यात अळ्यांची पैदास करून मग तो डबा उपसण्यापेक्षा वाळलेल्या पानांचं आच्छादन मातीवर घालणं मला बरं वाटतं. माती झाकलेली राहते, पाणी कमी लागतं, आणि गांडुळं यायची तर आपल्या पायांनी येतात. विकत आणून डब्यात कोंडावी लागत नाहीत.

आणि थोडा वाटा त्यांचा. लिंबू आणि कढीपत्ता लावला की त्यावर एका फुलपाखराच्या अळ्या येणारच. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठेपणी हिरव्यागार होतात. ते झाड त्यांचंही अन्न आहे. मी कढीपत्त्याची दोन रोपं ठेवली आहेत. स्वयंपाकाच्या रोपावर अळी दिसली की पानासकट दुसऱ्या रोपावर ठेवते. ते रोप कधीकधी पार बोडकं होतं आणि महिन्याभरात पुन्हा पालवतं. तसंच फुलांचं. कारल्याच्या फुलांवर सकाळी मधमाश्या येतात, दोडक्याची फुलं तिन्हीसांजेला उमलतात आणि त्यांच्याकडे पतंग येतात. ते आले नाहीत तर फळ धरत नाही. आपण मध खात नाही. पण मधमाशीच्या कष्टाचं कारलं मात्र खातो, तेव्हा निदान तिच्या वाटेत विष नको.

तोडणी उजेडातच करावी. सूर्यास्तानंतर झाडाला हात लावू नये हे आपल्या आज्यांनी सांगितलेलं इथे अगदी चपखल बसतं. पान उलटून पाहावं, पांढऱ्या फडक्यावर हलकेच झटकावं, मग स्वयंपाकघरात न्यावं. तोडल्यापासून चुलीपर्यंत वेळ थोडा, म्हणून निवडायलाही सोपं जातं.

एवढं करूनही हिंसा शून्य होते असं मी म्हणणार नाही. गोणपाट उचलताना एखादी गोगलगाय दबते, पाणी घालताना मुंग्या वाहून जातात. घरच्या बागेने मंडई सुटते असंही नाही. चार माणसांच्या घराला लागणारी सगळी भाजी गच्चीवर पिकत नाही, फ्लॅटच्या बाल्कनीत तर नाहीच. फरक एवढाच की घरी जे होतं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि जे डोळ्यांसमोर होतं तिथे यत्नाचार करता येतो. श्वेतांबर भगिनी ज्याला जयणा म्हणतात ती हीच. मंडईतल्या जुडीच्या बाबतीत मी कितीही जपायचं ठरवलं तरी जपायला माझ्या हातात काही उरलेलंच नसतं.

शेवटी एक धोका सांगते, कारण तो मला हल्ली जास्त दिसतो आहे. बागेचीही हाव सुटते. आज दहा कुंड्या, उद्या पन्नास, मग परदेशी बियाणं, रंगीत मिरच्या, फोटो, स्पर्धा. पाणी, वेळ, पैसा सगळं तिकडे वाहायला लागतं आणि सामायिकाची वेळ मागे पडते. परिग्रह मातीच्या कुंडीतही भरतो. म्हणून मी बारा कुंड्यांचं परिमाण धरलं आहे. तेरावी आणायची झाली तर आधीची एक कुणाला तरी देते. तुम्ही तुमचा आकडा ठरवा, पण ठरवा. आणि हे काम घरातल्या एकट्या बाईच्या पाठीवर टाकू नका. पाणी घालायला मुलांना उठवा, कुंड्या उचलायला घरातल्या पुरुषांना हाक मारा. ताटात भाजी सगळ्यांच्या येते, तर खातंही सगळ्यांचं आहे.

मंडळातल्या ज्येष्ठांना माझी विनंती: कुणी सून कुंडीत बी टोकताना दिसली तर आरंभ आरंभ म्हणून तिला परतवू नका, तुमच्या काळात वेल कसा जपत होता ते सांगा. आणि मुलींनो, फोनवरची यादी पुढे ढकलण्याआधी ती आपल्या घरच्या नियमांशी लावून बघा. यंदा सुरुवात करायची असेल तर तीनच लावा: एक कढीपत्ता, एक लिंबाचं कलम आणि एका कोपऱ्यात दोडक्याचं बी. तुमच्या घरी कोणकोणत्या भाज्या वर्ज्य आहेत आणि त्याचं काय कारण सांगितलं जातं, ते मला जरूर लिहा. गावागावच्या पद्धती एकत्र आल्या तर आपल्यासाठी आपली स्वतःची यादी होईल.

जय जिनेंद्र.